साडेतीन इंची, म्हणजे ८८.९ मिलिमीटर

सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

दीड दिवसाच्या गणपतीचं काल बादलीत विसर्जन केलं आणि आज टेबलावर विघ्न हजर. चारशे डिस्क ड्राइव्हच्या खरेदीची फाइल. जुनी पेन्शन प्रकरणं स्कॅन करून साठवायची आहेत, त्यासाठी. माझ्या निवृत्तीला साडेपाच महिने उरलेत. चौतीस वर्षांत माझ्या एकाही फाइलवर ऑडिटनं बोट ठेवलेलं नाही. आमचे संचालक त्यागी साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, "खांबेटे जी की फ़ाइल है तो आँख मूँदकर साइन कर दो." ही माझी शेवटची मोठी खरेदी. तीही तशीच जायला हवी.

मसुदा अक्षतानं केलाय. अक्षता इंगोले, माझ्या हाताखालची तांत्रिक सहायक. मूळची वाशीमची, वडील एसटीत कंडक्टर होते. स्पर्धा परीक्षा देऊन थेट दिल्लीत आली आणि मुनीरक्यात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते. तिचं प्रोबेशन ३१ जानेवारीला संपतं, मग कायम होईल. तिला टिपणी कशी लिहायची हे मीच शिकवलं. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे चंद्रप्रभानं, तर तिला मुलगीच करून टाकलंय. दर रविवारी आर. के. पुरमला आमच्याकडे जेवायला असते. ऑफिसात मी 'सर', घरी 'काका'.

हुशार आहे पोरगी. फक्त बोलण्याआधी थांबत नाही.

बुधवार, ११ सप्टेंबर

मसुदा उघडला तर पहिल्याच ओळीत 'साडेतीन इंची हार्ड डिस्क'. सरकारी कागदावर इंच. आता टीव्ही विकणारासुद्धा बत्तीस इंचाच्या आधी ऐंशी सेंटिमीटर लिहितो, कारण कायदा आहे. आणि आम्ही सरकार असून इंचात खरेदी करणार. अक्षताला बोलावलं आणि म्हटलं, साडेतीन गुणिले पंचवीस पूर्णांक चार, म्हणजे अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ मिलिमीटर. हा हिशेब मी तोंडी केला. लहानपणी औटकी पाठ केलेली आहे, ती अशी उपयोगी पडते. अक्षतानं विचारलं, औटकी म्हणजे कीबोर्डवरची कुठली की? साडेतीनचा पाढा गं, म्हटलं, औट म्हणजे साडेतीन. आता वाशीमच्या मुलींनाही हे सांगावं लागतं, तर दिल्लीत वाढलेल्यांची काय कथा.

मग ती म्हणाली, "सर, साडेतीन इंच हे त्याचं नाव आहे. माप नाही."

तिचं म्हणणं असं. पूर्वी साडेतीन इंची फ्लॉपी होती. ती ज्या खोक्यात जायची ते खोकं साहजिकच तिच्याहून मोठं, चार इंच रुंद. पुढे हार्ड डिस्क आल्या, त्या त्याच खोक्याच्या जागेत बसाव्यात म्हणून तेवढ्याच रुंद केल्या, आणि नाव फ्लॉपीचंच चिकटलं. जगभरातल्या कंपन्या हेच माप पाळतात : रुंदी एकशे एक पूर्णांक सहा मिलिमीटर. अडीच इंची म्हणतात तीसुद्धा भरते पावणेतीन. अठ्ठ्याऐंशीच्या खोक्यात तर आतली तबकडीही मावायची नाही.

मी म्हटलं, चार इंची वस्तूला साडेतीन इंची म्हणायचं, आणि ते सरकारनं मान्य करायचं? उद्या किलोभर तूरडाळीला पाऊणकिलो म्हणाल. पेशवाईत साडेतीन शहाणे होते, त्यातला अर्धा कमी होता तो आता ऑफिसात आलाय, असंही म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे हसले. त्यांना मराठी कळत नाही, पण माझा सूर कळतो.

तिनं खणातून एक जुनी डिस्क काढली, पट्टी काढली, म्हणाली मोजून बघा. मी म्हटलं, मी इथे मोजायला बसलेलो नाही, मसुदा तपासायला बसलोय.

आणि पिवळ्या टिपणीत लिहिलं : 'सर्व मापे मेट्रिकमध्ये द्यावीत. रुंदी ८८.९ मि.मी. असे लिहावे.' शहाण्याला शब्दाचा मार.

बुधवार, २५ सप्टेंबर

निविदा आज पोर्टलवर चढली. अक्षतानं सांगितल्याप्रमाणे बदल करून स्वतःच्या नावानं हिरवी टिपणी घातली. हल्ली फाइली संगणकावर असतात. पिवळी टिपणी कच्ची, ती काढून टाकता येते. हिरवी झाली की कायमची. मी तिला माझी पिवळी काढून टाकायला सांगितलं. तिनं विचारलं, असू दे का सर, संदर्भाला? मी म्हटलं, काढ.

ही माझी जुनी पद्धत आहे. कागदाच्या फाइली होत्या तेव्हा मी शेरे पेन्सिलीनं लिहायचो, आणि खालच्याची सही झाली की रबरानं पुसायचो. खालच्याचं काम खालच्याच्या नावावर, वर माझं एक 'मान्य'. फाइल कशी स्वच्छ दिसते. चौतीस वर्षं अशीच गेली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

आज एक विचित्र गोष्ट झाली, ती लिहूनच ठेवतो.

चंद्रप्रभानं सरोजिनी नगरातून दसऱ्याला साडी आणली. तिची घडी घालायला म्हणून दुसरं टोक माझ्या हातात दिलं. साडीला चिठ्ठी होती, त्यावर 'साडेपाच मीटर'. मी म्हटलं, पाचवारी आणलीस ना? पाच वार म्हणजे साडेचार मीटर आणि वर थोडंसं. दुकानदारानं मीटरभर फुकट दिलं की काय? ती हसायला लागली. म्हणाली, "अहो, पाचवारी काय पाच वार मोजून देतात? नऊवारी नाही ती पाचवारी. नाव आहे ते."

मी तरी टेप काढली. पलंगावर साडी पसरून दोनदा मोजली. साडेपाच मीटर, म्हणजे चक्क सहा वार. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, घरात शंभरेक पाचवारी साड्या आल्या, आणि पाच वारांची त्यांत एकही नव्हती. माझी आई, तिची आई, सगळ्या पाचवारीच म्हणायच्या. कोणाची फसवणूक झाली नाही, कोणाची साडी अपुरी पडली नाही.

मी पलंगाच्या कडेला बसून राहिलो. चंद्रप्रभानं विचारलं, काय झालं, आवडली नाही का? छान आहे म्हटलं.

निविदा भरायला अजून चार दिवस आहेत. शुद्धिपत्र काढता येईल. पण शुद्धिपत्र म्हणजे चुकीची कबुली, आणि ती पोर्टलवर कायम राहणार. खांबेट्यांच्या शेवटच्या खरेदीत शुद्धिपत्र. शिवाय कार्यालयात सगळ्यांसमोर मी तिला अर्धी शहाणी म्हटलंय.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

अक्षता जेवायला आली. येताना झेंडूची फुलं घेऊन आली, काकूंच्या पाया पडली, माझ्याही. श्रीखंड वाढताना हळूच म्हणाली, काका, मी शुद्धिपत्राचा मसुदा करून ठेवलाय, फक्त एक ओळ आहे, सोमवारी सकाळी सही केलीत तर वेळेत जाईल. मी म्हटलं, घरात ऑफिस नको. चंद्रप्रभानं माझ्याकडे पाहिलं. एरवी जेवताना ऑफिसबद्दल मीच बोलत असतो.

मला राग आला, आणि तो का आला हे मला कळतं. तिनं ते नम्रपणे सांगितलं. ती जरा उर्मट असती तर बरं झालं असतं.

तरी व्यवहाराच्या दृष्टीनं पाहिलं तर काही बिघडत नाही. कोणताही पुरवठादार डिस्क देईल ती नेहमीचीच देणार, दुसरी बनतच नाही. ती यंत्रात बसेल. माप कोण बघतंय?

मंगळवार, १५ ऑक्टोबर

निविदा उघडल्या. तिघांनी भरल्या होत्या. '८८.९ मि.मी.' पुढे तिघांनीही 'होय' लिहिलंय. एकानंही वाचलेलं नाही. फरीदाबादच्या पुरवठादाराचा दर सगळ्यांत कमी, त्याला काम मिळेल. मी म्हटलंच होतं.

 अक्षताच्या टेबलावरची ती जुनी डिस्क आता दिसत नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

धुरानं दिल्ली कोंडली आहे, समोरची इमारत दिसत नाही, आणि अशात फरीदाबादहून टेम्पो आला. चारशे डिस्क, पुठ्ठ्याच्या खोक्यांत. घसा धरलाय, पण माल वेळेत आला याचं समाधान आहे. दोन यंत्रांत लावून पाहिल्या, अलगद बसल्या. गुरुवारी तपासणी समिती सह्या करेल की झालं.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

समितीत यंदा अनुराग सक्सेना आहे. सरकारी नोकरीत येण्याआधी मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तपासनीस होता, त्यामुळे व्हर्नियर कॅलिपर खिशात घेऊन फिरतो. त्यानं वीस डिस्क मोजल्या. विसाच्या वीस एकशे एक पूर्णांक सहा. कागदावर अठ्ठ्याऐंशी पूर्णांक नऊ. मी म्हटलं, अरे भाई, तुम भी जानते हो कि डिस्क इतनी ही होती है. तो म्हणाला, "जानता हूँ सर. पर मैं तो वही नापूँगा जो लिखा है."

चारशेच्या चारशे नामंजूर. 'जो लिखा है' हे त्याचं वाक्य माझ्याच तोंडातून काढून घेतल्यासारखं वाटलं. मीही चौतीस वर्षं हेच म्हणत आलो.

सोमवार, २ डिसेंबर

पुरवठादारानं लेखी तक्रार केली आहे, आणि ती वरपर्यंत गेली. त्यागी साहेबांनी बोलावलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. अशी डिस्क जगात कुठे बनते का? नाही. मग जी वस्तू बनतच नाही तिचं माप निविदेत कोणी घातलं, आणि का? दक्षता विभागाला वाटतंय की मुद्दाम घातलं असणार. कोणालाच पुरवता येऊ नये, निविदा रद्द व्हावी आणि पुढच्या वेळी आपला माणूस आत घ्यावा म्हणून.

एक पैसा खाल्ला नाही कधी, आणि हे ऐकावं लागलं.  साहेब म्हणाले, आप पर किसी को शक नहीं है खांबेटे जी, फ़ाइल में तो टिप्पणी उस लड़की की है.

तेव्हा मी म्हणू शकलो असतो. खुर्चीत पुढे सरकलोही होतो. पण साहेबांनी तेवढ्यात चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत माझ्या निरोप समारंभाचा विषय निघाला. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली तर माणसाचं काय होतं हे मी पाहिलेलं आहे. लोक रस्ता बदलून जातात.

मी एवढंच म्हटलं, मुलगी प्रामाणिक आहे. ते तर खरंच आहे.

सोमवार, १६ डिसेंबर

अक्षताला खुलासा मागितला गेला. सात दिवसांत लेखी. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली. ऑफिसात कधी बसत नाही. म्हणाली, सर, मी काय लिहू?

तिला एकच हवं होतं, की 'हा बदल माझ्या सूचनेवरून झाला' अशी एक ओळ मी फाइलवर लिहावी. मी तिला शांतपणे समजावलं. मी ओळ लिहिली तर दोघंही चौकशीत अडकू, मग तिच्या बाजूनं बोलायला वर कोणी उरणार नाही. मी बाहेर राहिलो तर तिला सांभाळून घेईन. आणि प्रोबेशनवरच्या मुलीनं वाद घातला की वरच्यांना तो उद्दामपणा वाटतो. चूक कबूल केली की ताकीद देतात आणि विषय संपतो. हे मी मनापासून म्हटलं. आजवर असंच होत आलंय.

ती म्हणाली, "काका, तुम्ही नंतर साहेबांना सांगाल ना?"

मी म्हटलं, बिल्कुल.

ऑफिसात तिनं मला काका म्हटलं, हे माझ्या घरी येताना बसमध्ये लक्षात आलं.

खुलासा मीच सांगितला, तिनं टाइप केला : 'परिमाणांच्या रूपांतरात माझ्याकडून अनवधानाने चूक झाली. त्याबद्दल दिलगीर आहे.' भाषा चांगली उतरली. 'अनवधानाने' हा शब्द फार उपयोगी आहे, त्यानं हेतूचा संशय जातो. तिनं सही केली तेव्हा पेन चालेना, माझं दिलं.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५, संक्रांत

अक्षता तिळगूळ घेऊन आली. तीनेक रविवार आली नव्हती, वाळली आहे. चंद्रप्रभानं विचारलं तर म्हणाली, काम आहे काकू. निघताना दारात चपला घालताना मला हळूच विचारलं, साहेबांशी बोललात का? मी म्हटलं, बोललोय.

अजून बोललेलो नाही. साहेब दौऱ्यावर होते, मग कामकाजात होते. परवा नक्की बोलतो. आज तिला नाही कसं म्हणणार होतो, सणाच्या दिवशी?

दार लावल्यावर चंद्रप्रभा म्हणाली, पोरगी तुमच्याशी बोलताना खाली बघत होती. मी म्हटलं, मोठ्यांसमोर तसंच बघतात.

शुक्रवार, ३१ जानेवारी

अक्षताचं प्रोबेशन संपवलं. कायम केली नाही. सेवासमाप्तीचा आदेश दुपारी तीनला आला, तिनं साडेचारला ओळखपत्र जमा केलं. आदेशात कारण म्हणून तिच्याच खुलाशातली ओळ उद्धृत केली आहे. दुसरा काहीच पुरावा नव्हता त्यांच्याकडे. त्यागी साहेब म्हणाले, लड़की ने ख़ुद लिखकर दे दिया, हम क्या करते.

मी त्यांच्याशी बोललो होतो. म्हणजे बुधवारी गेलो होतो. म्हटलं, सहानुभूतीनं बघा. ते म्हणाले, आपने कोई नोट दिया है क्या इस पर? नाही म्हटलं. मग त्यांना फोन आला.

ती जाताना माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं रडेल, भांडेल, निदान काहीतरी विचारेल. तिनं फक्त विचारलं, सर, स्कॅनिंगच्या कपाटाची किल्ली कोणाकडे देऊ? मी हात पुढे केला, तिनं किल्ली ठेवली आणि गेली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं कोण होतं, हे मला लिहवत नाही.

वयानं लहान आहे. शिकलेली आहे. खासगीत दुप्पट मिळेल. सरकारी नोकरीत आता राहिलंय काय?

घरी सांगितलं की अक्षताला गुरुग्रामला चांगली नोकरी मिळाली. चंद्रप्रभा म्हणाली, मला न सांगता गेली? मी म्हटलं, घाईत होती. ती बराच वेळ भांडी घासत राहिली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, घड्याळ. त्यागी साहेबांनी भाषणात म्हटलं की ज्यांच्या एकाही फाइलवर ऑडिटचा आक्षेप नाही असे अधिकारी आता होणार नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुराग सक्सेनानंही वाजवल्या, पण माझ्याकडे बघून नाही.

त्याच सकाळी नवी निविदा पोर्टलवर आली होती. मी सहज उघडली. त्यात लिहिलंय : 'प्रचलित नाव साडेतीन इंची, प्रत्यक्ष रुंदी १०१.६ मि.मी.' या वाक्याची धाटणी माझ्या ओळखीची आहे. दसऱ्याला मी न पाहिलेल्या शुद्धिपत्राच्या मसुद्यातलं असणार. फाइलीतून कोणीतरी उचललं. खाली नाव दुसऱ्याचं आहे.

चंद्रप्रभा समारंभाला आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली. मी घरी आलो तेव्हा ती नव्हती. रिक्षा करून मुनीरक्याला गेली होती, कोणा ओळखीच्यांकडे. एवढ्या गुडघेदुखीत ती जिने चढून कुठे गेली होती, विचारलं तर म्हणाली, होतं काम. शाल कपाटात ठेवली. घड्याळ बघितलंही नाही. बायकांना अशा गोष्टींचं महत्त्व वाटत नाही.

रविवार, २७ एप्रिल

सरकारी घर सोडून फरीदाबादच्या आमच्या फ्लॅटवर आलो, त्याला आज आठवडा झाला. सामान अजून खोक्यांत आहे. चंद्रप्रभा हल्ली कामापुरतं बोलते. भाजी काय आणू, गॅस संपला, इतकंच. 'अहो' म्हणून हाक मारत नाही, नुसतं समोर येऊन उभी राहते. जागा बदलली की बायकांना रुळायला वेळ लागतो.

मीही दिवसभर घरात. फाइल नाही, टिपणी नाही. काल सोसायटीच्या नोटिसीतल्या शुद्धलेखनाच्या सहा चुका काढून दिल्या, सेक्रेटरीनं थँक यू अंकल म्हटलं आणि तीच नोटीस लावली.

सोमवार, ९ जून

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. दुसरीकडे कुठे लिहायची सोय नाही.

अकराच्या सुमारास फोन आला. मानेसरच्या एका कारखान्याच्या ऑफिसातून एक मुलगी बोलत होती. अक्षता इंगोले यांनी आमच्याकडे संगणक विभागासाठी अर्ज केलाय, आधीचे वरिष्ठ म्हणून तुमचं नाव दिलंय, दोन मिनिटं बोलू शकाल का? माझं नाव तिनं दिलं याचं मला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं, फॉर्मात आधीच्या वरिष्ठाचं नाव भरावंच लागतं.

मी भरभरून सांगितलं. हुशार, मेहनती, वेळेवर येणारी, स्वच्छ चारित्र्याची. ती मुलगी लिहून घेत होती. मग तिनं विचारलं, इतकी चांगली होती तर कायम का केलं नाही? त्यांनी स्वतःच लिहिलंय की एका मापाच्या चुकीमुळे. "सर, वो ग़लती उन्हीं की थी?"

चंद्रप्रभा समोर जमिनीवर विळी घेऊन लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती. तिचा हात थांबला.

मला आता कसली भीती होती? नोकरी संपली, निरोप झाला, दक्षतावाल्यांनी विषय बंद केला. एका अनोळखी मुलीला फोनवर 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग कोणाची. आणि ते चंद्रप्रभानं ऐकलं असतं.

मी म्हटलं, "रिकॉर्ड में तो उन्हीं का नाम है." ती म्हणाली, और आपकी अपनी राय? मी म्हटलं, मेरी कोई अलग राय नहीं है. तिनं आभार मानले आणि फोन ठेवला.

चंद्रप्रभा उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि मला म्हणाली, चूक कोणाची होती ते मला माहीत आहे. फेब्रुवारीत ती मुनीरक्याला गेली होती ती अक्षताच्या खोलीवर. अक्षता वाशीमला निघून गेली होती, पण खोलीतल्या मुलीनं सगळं सांगितलं. पिवळी टिपणी काय होती, खुलासा कोणी सांगितला, पेन कोणाचं होतं. म्हणाली, "तीन महिने वाट बघितली. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

मी म्हटलं, तुला ऑफिसातलं कळत नाही. तिनं माझा फोन उचलला, आताच आलेल्या नंबरावर लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. तेहतीस वर्षं दिल्लीत राहून तिचं हिंदी मोडकंच आहे. त्याच हिंदीत ती म्हणाली, "वो ग़लती मेरे मिस्टर का था. लड़की ने मना किया था, इन्होंने सुना नहीं. फिर लड़की से लिखवा के लिया. आप वैसा लिखो."

पलीकडून मग ती मुलगी म्हणाली, मॅडम, हे सरांनी स्वतः सांगितलं तर मी बदलून घेते. अजून फॉर्म पाठवलेला नाही. सरांना द्याल का?

चंद्रप्रभानं फोन माझ्यापुढे धरला. तिच्या हाताला कैरीचा वास येत होता. हॅलो, सर, असं दोनदा ऐकू आलं.

मी फोन घेतला. आवाज बारीक केला. खिडकीशी गेलो आणि म्हटलं, "मैडम की तबीयत आजकल ठीक नहीं रहती. आपने जो लिखा है, वही रहने दीजिए."

आवाज बारीक केला होता, पण खोली लहान आहे. वळलो तेव्हा चंद्रप्रभा तिथेच उभी होती. माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "मी काय लिहून द्यायचं? अनवधानाने बोलले म्हणून? आणा कागद, मीही सही करते."